घरचा धंदा : आधी वही, मग उखळ



घरबसल्या काहीतरी धंदा करावा, असं बोलणं ज्या घरात कधी निघालंच नाही, असं घर आपल्या गावांत शोधून सापडायचं नाही. पाऊस ओढ देतो, कांद्याचा भाव पडतो, पोरीच्या कॉलेजचं वर्ष येतं, आणि मग रात्री जेवणं झाल्यावर हा विषय निघतोच. कुणी म्हणतं पापड करू, कुणी म्हणतं मसाले करू, कुणी शिलाईचं मशीन आणा म्हणतं. त्यात घरी आलेला एखादा हुशार पाहुणा सांगतो, "यंत्रच घ्या की. कर्ज मिळतंय." बोलणं तिथं संपलं तर बरंच. पण पुष्कळदा ते तिथं संपत नाही. यंत्र येतं, त्याला हळदकुंकू लागतं, आणि वर्षाभरानं त्याच यंत्रावर गोधड्यांची चवड दिसते. कर्ज मात्र चवडीखाली दबत नाही.

म्हणून आज मी यंत्राविषयी बोलणार नाही. थोडक्या पैशात घरातल्या घरात धंदा मांडायचा झाला तर मांडण्याआधी काय बघावं, कागदावर काय लिहावं, हे एका उदाहरणानं सांगणार आहे. उदाहरण मी सोलापूरकडचं घेतो, शेंगाचटणीचं. तुमच्या भागात कोकम असेल, खानदेशात उडदाचे पापड असतील, कुठं शेवया-कुरडया असतील. हिशेबाची रीत सगळीकडे तीच.

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या भागातली पातळ थापलेली, पाणी पार जाईपर्यंत भाजून वाळवलेली कडक भाकरी आणि तिच्यासोबत उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, ही मूळची प्रवासाची शिदोरी. आज तीच शिदोरी पुडक्यात भरून पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाते. करणाऱ्या बहुतेक बायाच आहेत, आणि बहुतेकींनी घरातूनच सुरुवात केली आहे. तेव्हा हा धंदा चालत नाही असं मुळीच नाही. कुणाचा चालतो आणि कुणाचा बसतो, एवढाच प्रश्न आहे.

आता आपण एक घर धरू. घर कल्पनेतलं आहे, पण तुम्हाला ओळखीचं वाटेल. थोडी कोरडवाहू जमीन, घरात सासूबाई, दोघी जावा, आणि थोरलीची मुलगी यंदा बारावीला. या थोरलीला आपण वहिनी म्हणू. वहिनींच्या हातच्या चटणीचं साऱ्या आळीत कौतुक. दोन शेळ्या विकून त्यांच्यापाशी १०,००० रुपये आले आहेत. मालक म्हणतात बोअरची मोटर दुरुस्त करू, मुलगी काहीच म्हणत नाही पण जूनमध्ये तिला कॉलेजात नाव घालायचं आहे, आणि वहिनींच्या मनात चटणीचा धंदा आहे.

वहिनींनी पहिलं काम करावं ते हे, की १०,००० मधले ४,००० रुपये बाजूला काढून पोस्टात किंवा बँकेत मुलीच्या नावावर ठेवावेत आणि ते धंद्याचे नाहीत असं घरात सगळ्यांसमोर सांगावं. धंद्याला उरले ६,०००. बुडाले तर ६,००० च बुडतील, ही रेघ आधी आखलेली असावी. मी बुडण्याची भाषा सुरुवातीलाच करतो म्हणून सासूबाई कदाचित नाराज होतील. पण पेरणी करताना आपण सगळं बी एकाच वावरात टाकत नाही, हे त्यांनाच जास्त ठाऊक आहे.

आता जवळ वही-पेन्सिल असेल तर घ्या. नसेल तर घरातल्या मुलाला लिहायला बसवा. मी जे भाव सांगतो ते उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजारचे भाव घालून हिशेब पुन्हा करा.

वहिनी एका वेळी पाच किलो शेंगदाण्याची चटणी करतात. दाणे किलोला १४० धरले तर ७०० रुपये झाले. अर्धा किलो लाल तिखट, ४०० च्या भावानं २०० रुपये. लसूण ८० रुपयांचा. जिरं आणि मीठ मिळून ४० रुपये. गॅस ५० रुपयांचा. पिशव्या आणि वरची चिठ्ठी, नगाला पाच रुपये. आता पिशव्या किती लागतील? इथंच पहिली मेख आहे. पाच किलो दाणे आणि वर तिखट-लसूण, म्हणजे सहा किलो चटणी, असं आपण तोंडी धरतो. पण दाणा भाजला की त्यातलं पाणी जातं, चोळून पाखडला की टरफल जातं. पाच किलोचे कसेबसे साडेचार-पावणेपाच किलो राहतात. लसूण वाळवला की हलका होतो. थोडं उखळाला चिकटतं, थोडं सांडतं. याला व्यापारी ‘घट’ म्हणतो आणि खरेदी करतानाच मनात धरतो. आपण ती धरत नाही. सगळं मिळून समजा साडेपाच किलो चटणी हाती आली. पाव-पाव किलोची २२ पुडकी झाली. पिशव्यांचे ११० रुपये.

बेरीज करा. ७००, २००, ८०, ४०, ५०, ११०. झाले १,१८० रुपये.

वहिनी म्हणतात, बाजारात पुडकं ७० रुपयांना देऊ. बावीस पुडक्यांचे १,५४० रुपये येतील. खर्च १,१८०. म्हणजे एका दिवसात ३६० रुपये सुटले! सासूबाई खूश. मालकही मोटरीचं विसरले.

थांबा. या हिशेबात एक माणूस लिहायचं राहिलं, आणि ते माणूस म्हणजे खुद्द वहिनी. दाणे निवडणं, भाजणं, चोळणं, पाखडणं, कुटणं, तोलणं, भरणं, पिशव्या बंद करणं, यात दोघी जावांचे पाच-पाच तास गेले. मिळून दहा तास. त्याच दिवशी त्या कुणाच्या शेतावर खुरपायला गेल्या असत्या तर आठ तासांचा रोज समजा ३२० रुपये मिळाला असता. म्हणजे तासाला ४०. दहा तासांचे ४०० रुपये. तालुक्याच्या बाजारात जाण्यायेण्याचे आणखी ६० रुपये. आता खर्च झाला १,६४०, आणि आले किती? १,५४०. म्हणजे शंभर रुपये तोटा. जो नफा दिसत होता तो नफा नव्हताच. ती वहिनींची स्वतःची मजुरी होती, आणि तीही पुरती मिळाली नाही.

"घरच्या बाईचे कसले पैसे धरायचे? ती रिकामीच असते," असं कुणी म्हणेल. घरातली बाई रिकामी कधी असते ते मला कुणी दाखवून द्यावं. आणि धंद्याच्या दृष्टीनं सांगायचं तर, आज दोघी जावा फुकट राबतात म्हणून भाव ७० ठेवला, उद्या मागणी वाढली आणि शेजारच्या दोन बाया रोजानं बोलवाव्या लागल्या, तर त्या फुकट येणार नाहीत. मग भाव वाढवावा तर गिऱ्हाईक रागावतं, न वाढवावा तर घरचं घालावं लागतं. धंदा वाढला म्हणून बुडाला असं ज्याला आपण म्हणतो, त्यातला पुष्कळसा भाग हा असतो. तेव्हा मजुरी पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. हातात रोख घेता आली नाही तर ‘देणे’ म्हणून लिहा. धाकट्या जावेचे २०० तिच्या नावावर लिहा, म्हणजे पुढे भांडणालाही जागा राहत नाही.

पुढची गोष्ट, बावीस पुडकी केली म्हणजे बावीस विकली जात नाहीत. एक पाहुण्यांना जातं, एक फुटतं किंवा पडून राहतं. घरी उघडलेलं पुडकंसुद्धा धंद्यातनं गेलेलं आहे, ते वहीत घरखर्चाच्या बाजूला मांडा. वीसच विकली असं धरा. मग १,६४० भागिले २०, म्हणजे पुडकं घरातच ८२ रुपयांना पडलं. दुकानदार आपले शेकडा पंधरा ठेवणार. तेव्हा पुडक्यावर १०० रुपये किंमत छापली तर वहिनींच्या हाती ८५ येतील, वीस पुडक्यांचे १,७००. मजुरी सुटून वर राहिले ६० रुपये. हा खरा नफा. साठ रुपये ऐकायला लहान वाटतात, पण ते खरे आहेत.

आणि शंभर रुपयांना पाव किलो कोण घेईल? हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर घरात बसून मिळत नाही. बाजारच्या दिवशी तीन दुकानं फिरा. कुणाचं पुडकं कितीला आहे, त्यात वजन किती आहे, कुणाचं संपलं आहे आणि कुणाचं धूळ खात पडलं आहे, हे बघून या. आपलीच चटणी आणखी चारजणी विकत असतील तर आपली कशात वेगळी आहे ते सांगता आलं पाहिजे. दाणा चांगला, कुट उखळातला, तिखट घरी कांडून आणलेलं, हे सांगता येण्यासारखं आहे. ‘आमची सगळ्यात स्वस्त’ हे सांगू नका. आपल्याहून स्वस्त देणारा शहरात कायम कुणीतरी बसलेलाच असतो.

दर्जाचा विषय निघाला म्हणून मुंबईची एक गोष्ट सांगतो. ती आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, पण तिच्यातला आपल्या कामाचा भाग सहसा सांगितला जात नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. त्यांनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. तेच आजचे लिज्जत पापड. १९६६ साली त्यांची संस्था म्हणून नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. पुढची भरभराट सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचं आहे ते पहिल्या वर्षाचं.

त्या वर्षाची त्यांची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती. सुरुवातीला या बायांनी पापडाच्या दोन प्रती ठेवल्या होत्या, एक चांगली आणि एक हलकी, स्वस्तातली. पारेखांनी सांगितलं, हलकी प्रत ठेवू नका, आणि हिशेब चोख ठेवा. त्यांनी हलकी प्रत बंद केली. मग पावसाळा आला, पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? खाटेवर पापड पसरले आणि खाटेखाली स्टोव्ह ठेवला. एक खाट आणि एक स्टोव्ह! काम वर्षभर करून, कुठं अडतं ते स्वतः पाहून, मग नेमक्या त्या अडचणीपुरती वस्तू घेतली.

आपल्या चटणीलाही पावसाळा आहेच. पुडक्याला बारीक छिद्र राहिलं की चटणीला ओल धरते. कडक भाकरीचं तर विचारूच नका. ती श्रावणात उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत सादळते आणि दाताला चिवट लागते. शिवाय शेंगदाण्यात तेल असतं, ते काही आठवड्यांत खवट होऊ लागतं. म्हणून पुडक्यावर ‘इतक्या दिवसांत वापरा’ असं लिहिण्याआधी आपण स्वतः पाहायला हवं. पहिल्या खेपेला एकच किलोची चटणी करा आणि चार पुडकी भरून ठेवा. पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक फोडा, वास घ्या, चव घ्या, आणि वहीत तारीख घालून लिहा. तिसरं पुडकं खवट निघालं, तर मुदत एक महिन्याच्या आतलीच लिहायची. गिऱ्हाइकाच्या घरी खवट निघालेलं एक पुडकं दहा गिऱ्हाइकं तोडतं, आणि ती का तुटली हे आपल्याला कुणी सांगायलाही येत नाही.

एक गोष्ट मात्र खवटपणाहून गंभीर आहे. ओलसर जागी ठेवलेल्या दाण्याला बुरशी धरते. काळपट, हिरवट, सुरकुतलेला, कुबट वासाचा दाणा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे, आणि भाजल्यानं ते पुरतं नाहीसं होत नाही. तिखट-लसणाखाली वास झाकला जातो, पण विष तसंच राहतं. पोत्यातनं मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून बघा, आणि निवडायचं काम उजेडात, घाई न करता करा. यासाठी लागलेला तासही मजुरीत धरा.

आता पैशाच्या फेऱ्याविषयी. मला विचाराल तर घरचे धंदे चवीनं बुडत नाहीत, उधारीनं बुडतात. वहिनींचा माल दुकानात गेला आणि दुकानदारानं पैसे महिन्यानं दिले, तर मधल्या चार आठवड्यांत चार खेपांचा माल करायला पैसे हवेत. मजुरी तूर्त वहीतच ठेवली, तरी सामानाचे १,१८० आणि जाण्यायेण्याचे ६० मिळून एका खेपेला रोख १,२४० लागतात. चार खेपांचे ४,९६०. म्हणजे सहा हजारांतले पाच हजार नुसते फिरत राहण्यासाठीच हवेत. याला खेळतं भांडवल म्हणतात. वजनकाटा, नोंदणी, चिठ्ठ्या, पहिल्या चाचणीचा माल, यांना उरले हजार. काटा बचत गटातल्या कुणाकडे असेल तर मागून आणा, मात्र तो वैधमापन खात्याचा शिक्का असलेला हवा. पिशव्या बंद करायचं हातयंत्रही मागूनच आणा. उखळ घरात आहे. तिखट डंकावर कांडून मिळतं. बघा, सहा हजार कसे संपले! यात यंत्राला जागा कुठं आहे?

पाहुण्यांनी सांगितलेलं यंत्र समजा २५,००० चं आहे आणि पैसे गटातनं शेकडा दोननं घेतले. शेकडा दोन हे महिन्याचं व्याज असतं. वर्षाचे शेकडा चोवीस झाले. पंचवीस हजारांवर महिन्याला ५०० रुपये व्याज. आणि आठवड्याला एक खेप धरली तर वहिनींचा महिन्याचा नफा २४०. व्याजच फिटत नाही, मुद्दल कुठून फिटणार? ते फिटेल वहिनींच्या मजुरीतनं, आणि नंतर मुलीच्या चार हजारांतनं. बँकेचं व्याज गटापेक्षा कमी पडतं. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ नावाच्या गटात ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज तारण न देता मिळण्याची सोय केलेली आहे. पण कर्ज स्वस्त असलं तरी आठवड्याला वीस पुडकी विकणाऱ्या घरी यंत्र सहा दिवस बसूनच राहणार. शंभर पुडक्यांची मागणी येऊन हात दुखायला लागले की यंत्राचा विचार करा. तेव्हा बँकेत दाखवायला तुमच्याजवळ वही असेल, आणि साहेब कागदाआधी वही बघेल.

उधारीवर माझी सूचना साधी आहे. नव्या दुकानदाराकडे पहिली दहाच पुडकी ठेवा. पुढची दहा ठेवायला जाल तेव्हा मागच्या दहांचे पैसे घेऊनच ठेवा. उरलेली पुडकी परत घ्या, तारखा बघा. वाणी गोड बोलेल, "वहिनी, पळून जातो का मी?" म्हणेल. तो पळून जात नाही हे खरं आहे, पण पैसेही दुकानातनं हलत नाहीत. आणि जशी उधारी द्यायची नाही तशी घ्यायचीही नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खानावळवाल्या बाया पिढ्यान् पिढ्या राबत होत्या. पण दाणागोटा उधारीवर आणायचा आणि पैसा सावकाराकडून, त्यामुळे हाती काही राहत नसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायांना स्वयंपाक कुणी शिकवावा लागला नव्हता. सोडवायची होती ती सावकाराची गाठ.

सरकारी बाजूचं थोडक्यात सांगतो. खाण्याची वस्तू विकायची तर घरगुती असली तरी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. लहान धंद्याची नोंदणी साधी असते आणि अर्ज संगणकावरून करता येतो. मधला दलाल हजारो रुपये मागत असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत जाऊन खरी फी विचारा. पुडक्यावर वस्तूचं नाव, घातलेले जिन्नस, वजन, करण्याची तारीख, मुदत, करांसह किंमत, तुमचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण असावी. शेंगदाणा काही माणसांना अजिबात चालत नाही, त्यांना तो जीवघेणाही ठरतो, म्हणून ‘यात शेंगदाणे आहेत’ असं स्वतंत्रपणे लिहावं लागतं. चटणीच शेंगांची, मग वेगळं कशाला, असं वाटेल. पण पुडकं कुणाच्या हाती पडेल आणि त्याला आपली भाषा वाचता येईल की नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता दोन शब्द गुरुजींशी आणि शाळेतल्या बाईंशी. आपण वर्गात शेकडेवारी आणि नफा-तोटा शिकवता. पुस्तकातला व्यापारी नेहमी घड्याळं किंवा खुर्च्या विकत असतो. एखाद्या दिवशी मुलांना घरी एक किलो दाणे भाजण्याआधी आणि पाखडल्यानंतर तोलून यायला सांगा, आणि शेकडा घट किती ते फळ्यावर काढा. प्रत्येक घरचं उत्तर थोडं वेगळं येईल, आणि ते का, यावर एक तास सहज जाईल. त्याहून मोठं काम म्हणजे ज्या घरात असा धंदा निघतो आहे तिथल्या मुलामुलीला रोजकीर्द लिहायला शिकवणं. उजव्या पानावर गेलेले पैसे, डाव्या पानावर आलेले, खाली शिल्लक. तारीख रोजची. खतावणी पुढे शिकता येईल. वहिनींची मुलगी बारावीला आहे, तिनं हे काम घेतलं तर आईला विचारता येईल असं घरात एक माणूस झालं. आणि वही मुलीच्या हातात असली की मालक गल्ल्यातनं पन्नास रुपये उचलताना दोनदा विचार करतील.

माल विकायच्या जागांचा विचारही पंचांग उघडून करा. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. त्याच सुमारास भोगीला घरोघर तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, लोकांचं लक्ष भाकरी-चटणीकडे आपोआप असतं. आषाढीला पंढरपूरची वाट भरलेली असते, पण तेव्हा पाऊसही असतो, तेव्हा लहान पुडकी करा, एका बसणीत संपणारी. दिवाळीनंतर कॉलेजची मुलं पुण्याला परत निघतात, त्यांच्या आया चटणी बांधून देतातच. त्यातल्या काहीजणी विकत घेतील. यात्रेत आपण स्वतः विकलं तर दुकानदाराचे पंधरा रुपये वाचतात हे खरं, पण तिथं बसलेला दिवस कुणाचा तरी असतो. त्याची मजुरी वजा करूनच ते पंधरा मोजा.

वहिनींनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक किलोची चाचणी करावी. पुडक्यांची दीड-दोन महिन्यांची परीक्षा होईपर्यंत नोंदणी उरकावी, दुकानं बघावी. एप्रिलपासून दर आठवड्याला एक खेप, अशा सहा खेपा कराव्या. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी सासूबाई, मालक, जाऊबाई, मुलगी अशा सर्वांनी बसावं आणि मुलीनं वही मोठ्यानं वाचावी. किती पुडकी गेली, किती परत आली, कोणत्या दुकानाकडे किती येणं आहे, दोघींची मजुरी किती साठली आणि त्यातली किती हाती आली. मजुरी सुटून वर काही राहत असेल आणि दुकानदार आपणहून माल मागत असेल तर जूनपासून आठवड्याला दोन खेपा कराव्या. फक्त मजुरीच सुटत असेल तर खुरपणीच्या हंगामात खुरपायला जावं आणि रिकाम्या दिवसांत चटणी करावी. आणि मजुरीही सुटत नसेल तर सातवी खेप करू नये. उरलेले दाणे घरात खपतील, काटा ज्याचा त्याला परत जाईल, दुकानातले पैसे महिन्याभरात वसूल करावेत. मुलीचे चार हजार पोस्टात आहेत. कॉलेजचा अर्ज भरायची तारीख कधी आहे तेवढी विचारून ठेवा.